ज्याचा त्याचा छापखाना

लातूरच्या आडत बाजारात सौदा निघाला, की सोयाबीनचा भाव बाजार समितीच्या फाटकाबाहेर पडण्याआधी व्हॉट्सॲपवर पडतो. मुनीम वहीचा फोटो काढतो, नाहीतर आडत्या स्वतःच दोन वाक्यं बोलून टाकतो. 'आजचे भाव' छापाच्या ग्रुपांवरून ती अहमदपूर, औसा, कंधार, लोहा असा फेरा मारतात, आणि माल आज काढायचा की थांबायचं हे शेतकऱ्याला दुपारच्या जेवणाआधी ठरवता येतं. मोबाइल नव्हता तेव्हा हाच भाव संध्याकाळी आकाशवाणीवर ऐकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचा. तोही गावात पेपर येत असेल तर. समाजमाध्यमांनी मराठवाड्याचं काय भलं केलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगेन.

पण त्याच ग्रुपांची दुसरी बाजूही आहे. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला ओलांडला. सरकारी हमीभाव तेव्हा चार हजारांच्याही आत होता. नवा माल यायला लागला तसा भाव उतरला, पण डोक्यात बसलेले दहा हजार काही उतरले नाहीत. पुढे 'थांबा, भाव येणार' हा निरोप ग्रुपांवर फिरत राहिला, घरात पोत्यांच्या थप्प्या लागत राहिल्या, आणि २०२४च्या सुगीत भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली रेंगाळला. 'थांबा' म्हणणारा कोण होता? कुणी यूट्यूबवर व्ह्यूज मोजणारा, कुणी वायदेबाजाराबद्दल अर्धंमुर्धं वाचलेला, कुणी खरोखर तळमळीने सांगणारा शेतकरीच. मोबाइलच्या पडद्यावर तिघंही सारखेच दिसतात. झालेल्या सौद्याचा आकडा आणि कुणाच्या तरी मनातला आकडा एकाखाली एक येतात, आणि चुकीच्या आकड्याबद्दल दुसऱ्या दिवशी कुणाची कॉलर धरायची हे ठरलेलं नसतं.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत बातमी आणि जाहिरात दोन्ही मधल्या माणसाला वगळून थेट पोचायला लागल्या, त्याला आता दहाएक वर्षं होत आली. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि महिन्याला मोजूनमापून वापरायचं इंटरनेट दिवसाला वापरून संपवायचं झालं, तिथून हा बदल धरायला हरकत नाही. मधला माणूस गेला याचा आनंद सगळ्यांना झाला. तो नेमकी कोणती कामं करत होता आणि त्यातली कोणती आता कुणीच करत नाही, याचा हिशेब मात्र राहून गेला.

आधी या बदलातून उभा राहिलेला सगळ्यात मोठा माणूस घेऊ. तो नांदेडचाही नाही नि लातूरचाही नाही, शेजारच्या परभणीचा आहे. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख हवामानाचा अंदाज सांगतात. त्यांच्यामागे वर्तमानपत्र नव्हतं, वाहिनी नव्हती, पदवीचा दबदबाही नव्हता. होती ती शेतकऱ्याची भाषा. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरींची शक्यता' असं म्हणतं; शास्त्राच्या हिशेबाने ते चोख असतं, पण बियाणं ट्रॅक्टरवर टाकून बसलेल्याला 'तुरळक' म्हणजे आपण की शेजारचं गाव, हे कळत नाही. डख तारखा सांगतात, जिल्हे सांगतात, पेरा की थांबा ते सांगतात. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर वेळोवेळी आक्षेप घेतले, पण ते आक्षेप फारसे कुणी पुढे पाठवले नाहीत. अंदाज मात्र गावोगाव गेले. पुढे वर्तमानपत्रं आणि वाहिन्याच त्यांचे अंदाज देऊ लागल्या. उलटी गंगा म्हणतात ती हीच. २०२४मध्ये ते वंचित बहुजन आघाडीकडून परभणी लोकसभेला उभे राहिले आणि पडले. मोबाइलवरचा विश्वास मतपेटीपर्यंत जातोच असं नाही, हे तेव्हा दिसलं. पुन्हा पाच-सहा महिन्यांनी ते लातुरातही दिसलं, त्याकडे नंतर येतो.

मधला माणूस म्हणजे कोण, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मराठवाड्यातलं वर्तमानपत्र धंदा म्हणून जन्मलेलंच नाही. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजामाच्या राजवटीने बंदी घातली, तेव्हा नाव बदलून बदलून अंक निघत राहिले. पुढे अनंत भालेरावांच्या संपादकपदाखाली 'मराठवाडा' दैनिक झालं, आणि या भागाच्या विकासाची, विद्यापीठाची, रेल्वेची भाषा त्याच पानांवर घडली. नांदेडला 'प्रजावाणी', 'गोदातीर समाचार', 'सत्यप्रभा', लातूरला 'एकमत' अशी जिल्ह्याची म्हणून ओळखली जाणारी दैनिकं उभी राहिली. ९ जानेवारी १९८२ला 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली आणि मोठ्या साखळी वृत्तपत्रांचा जमाना इकडे आला: जिल्हा पान, तालुका वार्ताहर, जिल्ह्याची पुरवणी.

या जमान्याचा कणा होता तालुका वार्ताहर, आणि त्याच्याबद्दल जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला बहुधा माहिती नसते. हा माणूस पगारी नसतो. असलाच तर मानधन म्हणून मिळणारी रक्कम पेट्रोलला पुरत नाही. कुणी शिक्षक असतो, कुणाचं स्टेशनरीचं दुकान असतं, कुणी एजन्सी चालवतो आणि तोच सकाळी अंक वाटतो. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. आमदाराचा वाढदिवस, पेपरचा वर्धापनदिन, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, मुक्तिसंग्राम दिन, या दिवसांना त्याला उद्दिष्ट दिलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या ज्या सरपंचाविरुद्ध त्याने मार्चमध्ये बातमी दिली, त्याच सरपंचाकडे ऑगस्टमध्ये शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी जायचं. या जागी कोण किती काळ ताठ राहील? तरी पुष्कळजण राहिले, हे त्यांचं मोठेपण. पण व्यवस्थेचं नाही. बातमी लिहिणारा आणि जाहिरात आणणारा हात एकच, हा घोळ समाजमाध्यमांनी आणलेला नाही. तो आधीपासून आमच्या घरात होता.

आणि तो देशभर गाजला, तोही नांदेडमुळेच. २००९च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या कारकिर्दीचं कौतुक करणारी पानंच्या पानं मोठ्या मराठी दैनिकांत आली. 'अशोकपर्व' हा शब्द तेव्हापासूनचा. 'द हिंदू'त पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत काही मजकूर शब्दन् शब्द सारखा होता, आणि त्यावर कुठेही 'जाहिरात' असं छापलेलं नव्हतं. उमेदवाराच्या खर्चपत्रकात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन मजकूर छापून घेतल्याचा आरोप चव्हाणांनी फेटाळला. प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत. जुलै २०१४मध्ये आयोगाने खर्चाचा हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचा निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द ठरवला. दरम्यान प्रेस कौन्सिलने 'पेड न्यूज'वर नेमलेल्या उपसमितीने २०१०मध्ये सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने तो पूर्ण रूपात प्रसिद्ध करायचं टाळलं, आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११मध्ये तो बाहेर आला. पत्रकारितेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेच पत्रकारितेवरचा अहवाल दडपावा, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

याची आठवण करून द्यायचं कारण असं, की समाजमाध्यमांवर टीका करताना आपण जुन्या पेपरला सोवळं नेसवतो. २००९चं नांदेड ध्यानात ठेवलं तर तो मोह होत नाही. तरी एक फरक उरतोच. त्या वेळी साईनाथना पानं समोरासमोर ठेवून तुलना करता आली, कारण पानं छापली गेली होती, तारखेसकट, ग्रंथालयात आणि रद्दीवाल्याकडे पडून होती. आज एखाद्या उमेदवारासाठी शंभर इन्स्टाग्राम हँडलांनी एकच रील टाकली, मतदान झाल्यावर काढून टाकली, तर समोरासमोर काय ठेवणार? निवडणूक आयोगाने २०१३च्या ऑक्टोबरमध्येच समाजमाध्यमांवरचा प्रचार खर्चात धरायचं आणि उमेदवाराने आपली खाती अर्जात नोंदवायचं ठरवलं. उमेदवाराचं अधिकृत खातं तर नोंदवलेलंच असतं. प्रचार चालतो 'साहेब प्रेमी', 'दादा फॅन क्लब' असल्या खात्यांवरून, आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण समितीकडे त्यातली किती पोचत असतील, हे कुणी सांगायची गरज नाही.

लातूरकडे वळायचं तर आधी क्लासकडे वळावं लागतं. 'लातूर पॅटर्न' हा शब्द राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांतून जन्मला; बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीने यायला लागली तेव्हा. राजर्षी शाहूचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे दोन्ही गावांना जोडणारा धागा त्यांच्यातही आहे. गुणवत्ता यादी बंद झाली, वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' आली आणि पॅटर्न महाविद्यालयातून खासगी क्लासमध्ये सरकला. लातूरचे रेणुकाई केमिस्ट्री क्लासेस, नांदेडचे आयआयबी ही नावं आता सगळ्या मराठवाड्याला पाठ आहेत. दोन्ही शहरांचं अर्थकारण त्यावर उभं आहे: वसतिगृहं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, रिक्षा. साहजिकच जिल्हा वर्तमानपत्रांचं जाहिरात खातंही.

'नीट'चा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचे पेपर बघण्यासारखे असत. पहिल्या पानावर बातमी शोधावी लागे; पानभर पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे, प्रत्येकाखाली गुण, मध्ये सरांचा मोठा फोटो. एकाच मुलीचा चेहरा दोन-तीन क्लासच्या जाहिरातींत दिसे, कारण तिने एकीकडे वर्ग केलेला असे, दुसरीकडे फक्त सराव परीक्षा दिलेली असे. तेव्हाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरने मात्र ते छापलं नाही. ज्याच्या पानभर जाहिरातीवर महिन्याचा कागद येतो त्याच्याबद्दल लिहिताना लेखणी आपोआप जपून चालते.

आता तोच पैसा रीलमध्ये चाललाय, आणि जाहिरातीचं रूपच बदललंय. पानावर निकाल दिसायचा, रीलमध्ये सर दिसतात. सर फळ्यावर तीस सेकंदांत युक्ती सांगतात, सर गरीब घरातल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवतात, सर स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगतात आणि मागे बासरी वाजते. निकालाच्या दिवशी ढोल, गुलाल, उघडी जीप, ड्रोनने घेतलेलं दृश्य. त्यात मोफत व्याख्यानं यूट्यूबवर टाकली जातात, ती खरोखर उपयोगाची असतात, आणि किनवटच्या पाड्यावरचं पोरगंही ती पाहू शकतं. म्हणजे जाहिरात आणि शिक्षण इतकं एकजीव झालंय की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सांगता येत नाही. मला यातला शिकवण्याचा भाग मनापासून आवडतो. खटकतं ते एवढंच की क्लास सोडून गेलेल्या, रिपीट करून थकलेल्या, वसतिगृहाच्या खोलीत एकट्या पडलेल्या मुलांची रील कुणी काढत नाही, आणि त्यांची बातमी करणारा पेपर आता जाहिरातही गमावून बसलाय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ला क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला, पैसे देऊन केला की फुकट, हे जाहिरातीत सांगायचं, यशाची खोटी हमी द्यायची नाही. म्हणजे पेपरने जे विचारायला हवं होतं ते सरकारला नियमात लिहावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये नीट पेपरफुटीच्या तपासात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांवर लातुरात गुन्हा नोंदला गेला; नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने कारवाई केली आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. तेव्हा दोन आठवडे प्रत्येक वाहिनीच्या बातमीत लातूर होतं. नंतर खटल्याचं काय झालं, हे रोज कोर्टात जाऊन पाहणारा बातमीदार दोन्ही शहरांत मिळून किती पेपरांकडे आहे?

व्यापाऱ्यांचा अनुभव क्लासवाल्यांपेक्षा साधा आणि बराचसा चांगला आहे. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या साडीच्या दुकानाला पूर्वी गिऱ्हाईक त्या सोळा रस्त्यांनीच यायचं. आता दुकानदाराची सून दुपारी गिऱ्हाईक कमी असताना फोन स्टँडला लावते, एकेक साडी उलगडून दाखवते, 'ताई, हा रंग एकच पीस आहे' म्हणते, आणि ऑर्डर पुण्याहून येते. नांदेडच्या वजिराबादमध्येही तेच. पेपरची पाव पान जाहिरात परवडत नव्हती अशांना हे दार उघडलं, हे नाकबूल करणं कोतेपणाचं होईल. जनावरांच्या बाजाराचंही तसंच. देवणी आणि लाल कंधारी या इथल्या गोवंशाच्या जाती. हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात खोंड बघायला शे-दीडशे किलोमीटरवरून माणसं यायची. आता दात दाखवून, चाल दाखवून, शेपटीचा गोंडा दाखवून काढलेला व्हिडिओ आधी जातो, सौदा अर्धा फोनवर होतो, माणूस फक्त उरलेला अर्धा करायला येतो. लातूरच्या बोरसुरी तूर डाळीला, कास्ती कोथिंबिरीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या गावांना आपलं नाव पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात न्यायला व्हॉट्सॲपइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. तिथेही भेसळ आलीच: बोरसुरीच्या नावाने कुठलीही डाळ विकायला कुणाला फार अक्कल लागत नाही.

पैसे घेऊन हॉटेलची, सोन्याच्या दुकानाची, प्लॉटिंगची तारीफ करणाऱ्या स्थानिक रीलस्टारांसाठी नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेची तत्त्वं २०२१ची, सरकारची २०२३ची. जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर दहा लाखांपर्यंत दंड. नांदेडच्या बिर्याणीवाल्याकडे जाऊन 'मित्रांनो, एक नंबर' म्हणणाऱ्याने ती बिर्याणी फुकट खाल्ली होती की कसं, हे रीलखाली लिहिलेलं मी तरी क्वचितच पाहिलंय. बिर्याणीचं सोडा. अकृषक परवाना नसलेल्या प्लॉटिंगची रील मात्र पन्नास घरांची पुंजी बुडवू शकते.

आता बातमीकडे. पत्रकार परिषदेला गेलात तर टेबलावर 'बूम'ची रांग दिसेल, चॅनेलचं नाव लिहिलेला चौकोनी ठोकळा लावलेले माइक. त्यातली बरीचशी यूट्यूब चॅनेलं एका माणसाची: तोच मालक, तोच संपादक, तोच कॅमेरामन. नोंदणीची गरज नाही, सरकारी जाहिरातींच्या यादीवर यायची गरज नाही. यात चांगली पोरं आहेत, हे ठासून सांगतो. जिल्हा पानावर चार ओळींत संपलेल्या पीकविम्याच्या आंदोलनाचं ती पाऊण तास थेट प्रक्षेपण करतात. आणि यात खंडणीखोरही आहेत. स्वस्त धान्य दुकानदाराला, वाळूच्या हायवावाल्याला, मुख्याध्यापकाला व्हिडिओची धमकी देऊन पैसे काढणारे. पण हाही धंदा नवा नाही. साप्ताहिकं होती तेव्हा चार पानी अंकाची धमकी चालायची.

व्हिडिओची ताकद आणि मर्यादा नांदेडने एकाच आठवड्यात पाहिली. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३च्या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. दोन दिवसांनी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना रुग्णालयातलं स्वच्छतागृह साफ करायला लावलं, आणि तो व्हिडिओ देशभर पसरला. अधिष्ठाते झाडू धरतात, खासदार पाणी टाकायला सांगतात. पाहणाऱ्याला दोन-तीन मिनिटांत राग, समाधान, टीका सगळं मिळतं. खासदारावर गुन्हा दाखल झाला, त्याचीही चर्चा झाली. पण बाळं का गेली? राज्याची औषधखरेदी हाफकिनकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं ठरलं होतं आणि ते प्राधिकरण अजून धड मार्गाला लागलं नव्हतं. रुग्णालयात क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण होते. जागा रिक्त होत्या. खासगी रुग्णालयांनी शेवटच्या घटकेला पाठवून दिलेली बाळं होती. हे कळायला खरेदीच्या फायली, आस्थापनेचा तक्ता, रोजचं रजिस्टर बघावं लागतं, चार दिवस लागतात, आणि त्याची रील होत नाही. काही वर्तमानपत्रांनी ते काम केलंही. ते वाचलं किती जणांनी, ते वेगळं.

अफवांबाबत लातूरकर इतरांपेक्षा हळवे असतात आणि त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट ज्या घरांनी पाहिली, त्या घरांत अजूनही जमिनीखालचा आवाज म्हणजे बाहेर पळायची खूण. १५ फेब्रुवारी २०२३ला लातुरात विवेकानंद चौकाच्या परिसरात जमिनीखालून गूढ आवाज आल्याचं सांगत लोक रस्त्यावर आले. भूकंपमापन केंद्रांवर कसलीही नोंद नसल्याचं प्रशासनाने सांगितलं. पण 'नोंद नाही' हा निरोप यायच्या आत 'मोठा येणार आहे' हा निरोप घरोघर पोचला होता. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्यांना ठेचून मारलं गेलं, त्यामागे असेच फिरणारे निरोप होते. व्हॉट्सॲपने त्यानंतर भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. बंधन घातलं ते फिरण्याच्या वेगावर; निरोप खरा की खोटा हे तपासायचं काम पुन्हा कुणाकडेच गेलं नाही.

आणि आता लातूर ग्रामीण मतदारसंघ. नोव्हेंबर २०२४मध्ये भाऊ धीरज देशमुख यांच्या प्रचाराला आलेल्या अभिनेते रितेश देशमुखांनी धर्मावरच्या राजकारणाचा समाचार घेत केलेलं भाषण देशभर फिरलं. ज्यांना लातूर नकाशावर दाखवता येणार नाही त्यांनीही ते स्टेटसला ठेवलं. निकाल लागला तेव्हा भाजपचे रमेश कराड निवडून आले होते. भाषण चांगलंच होतं. पण ते दिल्ली-मुंबईत ऐकलं गेलं आणि मत द्यायचं होतं रेणापूर, भादा, मुरूडकडच्या लोकांनी, त्यांच्या डोक्यात सोयाबीनचा भाव होता, लाडकी बहीण योजनेचे हप्ते होते, गावातलं गटातटाचं राजकारण होतं. साडी विकणाऱ्या दुकानदाराला हे बरोबर कळतं. बघणारे किती यापेक्षा गिऱ्हाईक किती हा प्रश्न तो आधी विचारतो. राजकारण्यांना आणि पत्रकारांना अजून पुरतं कळलेलं दिसत नाही.

मग पेपर आज कशावर चाललाय? खपावर कधीच चालत नव्हता. एप्रिल २०२०मध्ये राज्य सरकारने घरोघर अंक टाकायला बंदी घातली तेव्हा अंकांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट फिरायला लागली, आणि ती सवय करोना गेल्यावरही राहिली. पेपरवाल्या पोराची सायकल कित्येक गल्ल्यांत पुन्हा फिरकलीच नाही. दुकानदार रीलकडे गेला, क्लास यूट्यूबकडे गेला, श्रद्धांजल्या आणि वाढदिवस स्टेटसवर गेले. उरल्या त्या सरकारी जाहिराती आणि ज्यांना रीलवर जाताच येत नाही अशा एका जातीच्या जाहिराती: वारसाची जाहीर प्रगटनं, शेतजमिनीच्या खरेदीआधी वकील देतो ती नोटीस, बँकेची ताबा नोटीस, निविदा. २०१३च्या भूसंपादन कायद्याने तर प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं, द्यायलाच लावली आहे. बाजाराने सोडलेला पेपर कायद्याच्या आधाराने उभा आहे.

ही जाहिरात वाचायला कुणाला वेळ नसतो, बारीक टायपातले गट क्रमांक डोळ्यांना त्रास देतात. पण नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून जाणार हे कळलं आणि २०२४मध्ये अधिसूचनेचा विषय निघाला, तेव्हा याच गट क्रमांकांच्या याद्यांचे फोटो गावच्या ग्रुपांवर फिरले. कुणीतरी आपल्या क्रमांकाभोवती लाल गोल काढला, खाली 'काका, तुमचं पण आहे बघा' लिहिलं, आणि संध्याकाळी पारावर सातबारे घेऊन माणसं जमली. हरकतीचे अर्ज लिहायला मात्र त्यांना शेवटी गावातला जुना तालुका वार्ताहरच सापडला. त्याला भूसंपादन कार्यालय कुठल्या मजल्यावर आहे ते माहीत होतं.